‘हे तू स्वतः केलंस का?’ : अमेरिकन कॉलेजच्या अर्जातल्या एका प्रश्नाचा इतिहास

आजच्या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती प्रसंगामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गेल्या मे महिन्यात पुण्यातले एक जोडपे आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा अकरावी संपवून बारावीत जाणारा. अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचा आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की नुसत्या मार्कांवर तिकडे काही होत नाही, मुलाच्या नावावर ‘रिसर्च’ पाहिजे. मग एका कंपनीशी बोलणं झालं. ऑनलाइन मार्गदर्शक, बारा आठवडे, आणि शेवटी छापील शोधनिबंध. फी ऐकून आम्ही पुन्हा विचारलं, कारण आम्हांला वाटलं एक शून्य जास्त ऐकू आलं. वडिलांचा प्रश्न सरळ होता, “सर, हे घेतलं नाही तर हा मागे पडेल का?”

मुलगा गप्प बसला होता. त्याला विचारलं, बाबा रे, तू रिकाम्या वेळात काय करतोस? तेव्हा कळलं की दोन पावसाळे तो गच्चीवर पाऊस मोजतोय. बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला नोंद, आणि हवामान खात्याच्या शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून बघायचं. आई म्हणाली, “ते काय, छंद आहे त्याचा.”

आता गंमत बघा. घरात ज्याला छंद म्हणत होते आणि बाजारात ज्याला रिसर्च म्हणत होते, त्यांतलं खरं संशोधन कोणतं? अर्जात ते लिहायचं कसं? आणि मुळात अमेरिकेतल्या कॉलेजला सतरा वर्षांच्या पोराच्या संशोधनाशी काय देणं-घेणं? या प्रश्नांचं उत्तर त्या अर्जाच्या इतिहासात आहे. तो इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे आणि सगळाच काही सुंदर नाही.

परीक्षेपासून अर्जापर्यंत

आपल्याकडे प्रवेश म्हणजे परीक्षा, हे समीकरण जुनं आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, पहिली मॅट्रिक १८५९ ची, आणि त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. तेव्हापासून आजच्या जेईई-नीटपर्यंत आपला अर्ज एकच गोष्ट विचारतो : किती मार्क?

अमेरिकेतही एकेकाळी हेच होतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया यांच्या आपापल्या प्रवेश परीक्षा असत, लॅटिन-ग्रीक-गणिताच्या. प्रत्येक कॉलेजची परीक्षा वेगळी, त्यामुळे शाळा वैतागलेल्या. म्हणून १९०० साली कॉलेज बोर्ड स्थापन झालं आणि १९०१ च्या जूनमध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. बसले किती? ९७३ विद्यार्थी. आज आपल्या एखाद्या तालुक्यातसुद्धा दहावीला याहून जास्त मुलं बसतात.

परीक्षा पास झाली की प्रवेश. वडील कोण, आडनाव काय, याचा लेखी प्रश्न नव्हता. आणि इथेच पेच झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क आणि बॉस्टनमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं या परीक्षांमध्ये भराभर पास होऊ लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षात साधारण पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. कोलंबियात प्रमाण त्याहून जास्त. जुन्या घराण्यांना हे रुचेना. हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लोवेल यांनी तर उघडपणे ज्यूंसाठी मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. त्यावर गदारोळ झाला, उघड कोटा बारगळला. मग तेच काम दुसऱ्या वाटेनं झालं, आणि ती वाट म्हणजे अर्ज.

कोलंबियाने १९१९ मध्ये आठ पानांचा छापील अर्ज आणला. त्यात धर्म, वडिलांचं जन्मस्थान, आईचं माहेरचं नाव, शिवाय फोटो. हार्वर्डच्या अर्जात तर असाही प्रश्न आला की तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मापासून काही बदल झाला आहे का? आडनाव बदललेलं कुणी सुटू नये म्हणून ही व्यवस्था. १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर बांधल्या आणि मार्कांच्या जोडीला ‘चारित्र्य’ तपासायचं ठरवलं. कोलंबियातलं ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण त्याआधीच, काही वर्षांत निम्म्यावर आलं होतं.

जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली ‘द चोझन’ या जाडजूड पुस्तकात हा सगळा व्यवहार कागदपत्रांनिशी मांडला. आज आपण ज्याला ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हणतो, निबंध, मुलाखत, शिफारसपत्रं, अभ्यासाबाहेरचे उद्योग, त्या सगळ्याचं मूळ इथे आहे. म्हणजे असं की तो लांबलचक अर्ज मुलाची गुणवत्ता खोलात जाऊन बघण्यासाठी जन्मला नव्हता. मुलगा कुठल्या घरातला आहे, हे हुडकण्यासाठी तो जन्मला होता.

एवढं लक्षात ठेवा. कारण संशोधनाचा प्रश्न अर्जात आला तो अगदी वेगळ्या दारातून.

१९४२ : मुलाला विचारा, काय केलंस?

ते दार उघडलं विज्ञान-प्रसाराच्या लोकांनी. सायन्स सर्व्हिस नावाची संस्था १९२१ पासून वर्तमानपत्रांना विज्ञानाच्या बातम्या पुरवत होती. तिचे प्रमुख वॉटसन डेव्हिस. शाळाशाळांतून विज्ञान मंडळं चालवायचं काम १९४१ मध्ये या संस्थेकडे आलं आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे ऐन महायुद्धात, वेस्टिंगहाउस कंपनीच्या पैशावर ‘सायन्स टॅलेंट सर्च’ सुरू झाला.

पद्धत अशी होती. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या कोणीही अर्ज करावा. एक परीक्षा, शाळेचा निकाल, शिक्षकांचं मत आणि एक निबंध. पहिल्या वर्षी निबंधाचा विषय युद्ध जिंकायला विज्ञान कसं उपयोगी पडेल, असा होता. काळच तसा होता. पण थोड्याच वर्षांत त्या निबंधाची जागा ‘माझा प्रयोग’ अशा वृत्तांताने घेतली. तू स्वतः काय केलंस, कसं केलंस, काय सापडलं, ते लिही. त्यातून चाळीस जणांना वॉशिंग्टनला बोलवायचं, शास्त्रज्ञांसमोर बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. हे प्रश्न फक्त प्रकल्पावर नसत, भलत्याच विषयावरचेही असत. पाठ करून आलेलं उघडं पडावं आणि विचार करणारं पोर दिसावं, हा हेतू. ही पद्धत आजही चालू आहे.

पहिल्या वर्षीचे दोन विजेते होते, एक मुलगा आणि एक मुलगी : पॉल टेशन आणि मरीना प्रायमोव्स्की. मुलामुलींचे सर्वोच्च पुरस्कार १९४९ पर्यंत वेगळे दिले जात.

आता दोन अर्ज शेजारी ठेवून बघा. एक विचारतोय, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय. दुसरा विचारतोय, तू काय करून बघितलंस. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमधल्या मुलांना, ज्यांच्या घरी इंग्रजीसुद्धा धड बोललं जात नव्हतं, दुसऱ्या अर्जाने केवढा आधार दिला असेल! ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स १९३८ मध्ये सुरू झालं आणि पुढची कित्येक दशकं या स्पर्धेत त्याचा दबदबा राहिला. शेल्डन ग्लॅशो हे तिथले. वडील रशियातून आलेले, धंद्याने प्लंबर. त्यांनी मुलाला तळघरात रसायनांची प्रयोगशाळा थाटून दिली होती. ग्लॅशो १९५० मध्ये या स्पर्धेच्या अंतिम फेरीत होते. १९७९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लिऑन कूपर, वॉल्टर गिल्बर्ट, रोआल्ड हॉफमन, फ्रँक विल्चेक हे सगळे पुढचे नोबेलवाले याच स्पर्धेतून गेलेले. गणितातले डेव्हिड ममफर्ड १९५३ च्या अंतिम फेरीत होते ते रिले जोडून घरी बनवलेला संगणक घेऊन.

पण हे दारही सगळ्यांसाठी सारखं उघडं नव्हतं, हे सांगायला हवं. ज्या शाळेत प्रयोगशाळा आहे, वेळ देणारा शिक्षक आहे, तिथलंच मूल प्रकल्प करणार. दक्षिणेकडच्या वंशभेदाच्या शाळांमध्ये काळ्या मुलांच्या वाट्याला धड पुस्तकं येत नव्हती, तिथे उपकरणं कुठली? स्पर्धा नाव विचारत नव्हती, तरी ऐपत मागत होती.

तळघरातून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत

१९५० मध्ये फिलाडेल्फियात पहिली राष्ट्रीय विज्ञान जत्रा भरली, ३० विद्यार्थ्यांची. तिचीच पुढे आंतरराष्ट्रीय जत्रा झाली, आयसेफ. आपल्याकडूनही दरवर्षी मुलं जातात. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेचं धाबं दणाणलं. सरकारी पैसा विज्ञान शिक्षणाकडे वळला, उन्हाळ्यात शाळकरी मुलांना विद्यापीठात बोलवून शिकवायचे कार्यक्रम सुरू झाले. १९८४ मध्ये रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट सुरू झाली, जी पुढे एमआयटीत स्थिरावली. इथे निवड झालेल्या मुलाला फी नाही, आणि तो उन्हाळाभर खऱ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो.

म्हणजे काय झालं? शाळकरी संशोधनाची जागा बदलली. तळघरात, गच्चीवर, शाळेच्या मागच्या खोलीत चालणारं काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेलं. लाँग आयलंडवरच्या सुखवस्तू शाळांनी तर ‘रिसर्च’ हा वेगळा तासच ठेवला आणि जवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडे मुलं पाठवायला सुरुवात केली. काम दर्जेदार होऊ लागलं यात शंका नाही. पण एक प्रश्न तयार झाला, जो ग्लॅशोंच्या तळघरात कधी पडला नसता : यातलं मुलाचं किती आणि प्रयोगशाळेचं किती?

या प्रश्नाला विज्ञान जत्रांनी दिलेलं उत्तर आम्हांला फार आवडतं. त्यांनी फॉर्म काढला. आयसेफमध्ये मुलाने एखाद्या संस्थेत काम केलं असेल, तर तिथल्या मोठ्या माणसाने वेगळा फॉर्म भरायचा. मुलाला कल्पना कशी सुचली? तुमच्या चालू कामाचाच तो भाग होता का? त्याने एकट्याने केलं की गटात? कोणती कामं त्याने प्रत्यक्ष हाताने केली? आणि हा फॉर्म प्रकल्पाशेजारी मांडून ठेवावा लागतो, येणारा-जाणारा वाचू शकेल असा. बघा, मदत घेणं हा गुन्हा नाहीच. मदत लपवणं हा गुन्हा. सगळं शास्त्र याच शिस्तीवर उभं आहे.

दीडशे अक्षरांचा रकाना

कॉलेजच्या अर्जात मात्र ही शिस्त आली नाही. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून एकच अर्ज काढला, ‘कॉमन ॲप्लिकेशन’. आज हजारावर कॉलेजं तो वापरतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी दहा जागा आहेत. यादीत ‘संशोधन’ हा एक प्रकार. वर्णनासाठी इंग्रजी १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. म्हणजे दीड-दोन ओळी! कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज थोडा उदार, तिथे वीस जागा आणि प्रत्येकी ३५० अक्षरं.

विज्ञान जत्रा जिथे पानभर प्रश्न विचारते, तिथे कॉलेज दीड ओळ देतं आणि सही मुलाचीच. दीड ओळीत काय मावतं? संस्थेचं नाव, प्राध्यापकाचं नाव, छापल्याची तारीख. काय मावत नाही? चुकलेला प्रयोग, बदललेला विचार, कोणी काय शिकवलं ते. रकान्याच्या आकारानेच ठरवून टाकलं की लेबल दिसेल आणि काम दिसणार नाही.

मग बाजार उभा राहिला यात नवल काय? हार्वर्डवर जो प्रसिद्ध खटला झाला, २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात सुनावणी आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, त्या खटल्यात हार्वर्डची आतली गुण देण्याची पद्धत उघड झाली. अभ्यासासाठी सर्वांत वरची श्रेणी कोणाला, तर उत्तम मार्कांबरोबर असामान्य सर्जनशीलता आणि शक्यतो स्वतंत्र अभ्यासकार्याचा काही पुरावा असेल त्याला. अशी श्रेणी अगदी थोड्यांना मिळते. पण पालकांच्या कानावर गेलं ते एवढंच : पुरावा पाहिजे. आणि पुरावा विकणारे तयारच होते.

२०२३ च्या मे महिन्यात प्रोपब्लिकाने यावर एक मोठा शोधवृत्तांत छापला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या मुंबईचे पत्रकार, कुणाल पुरोहित. त्यात आलेलं चित्र असं : हजारो डॉलर घेऊन शाळकरी मुलांना मार्गदर्शक देणाऱ्या कंपन्या, त्या मुलांचेच निबंध छापण्यासाठी निघालेली नियतकालिकं, आणि अर्जाची तारीख जवळ आली की ‘प्रकाशनाच्या वाटेवर’ असा शेरा मिळवण्याची धडपड. गिऱ्हाईक चीन, भारत, अमेरिका सगळीकडचं.

म्हणजे चक्र पूर्ण फिरलं, मंडळी. १९४२ मध्ये ‘तू काय केलंस’ हा प्रश्न घरदार न बघता मूल बघण्यासाठी आला होता. ऐंशी वर्षांनी त्याच प्रश्नाचं उत्तर घरची ऐपत सांगू लागलं.

कॉलेजांनाही हे कळतं. एमआयटीत संशोधनासाठी वेगळा पुरवणी भाग आहे : कामाबद्दल काही प्रश्न, सारांश किंवा निबंध, आणि हवं तर मार्गदर्शकाचं पत्र. कॅलटेकने २०२५ मध्ये, ज्यांनी अर्जाला संशोधन जोडलं त्यांच्यासाठी व्हिडिओवर तोंडी प्रश्न सुरू केले. विचारणारा आवाज यंत्राचा, पण प्रकार आपल्या ओळखीचा, सरळ व्हायव्हा. शोधनिबंध विकत घेता येईल. व्हायव्हाला स्वतःच बसावं लागतं. १९४२ च्या चाळीस मुलांना वॉशिंग्टनला बोलावलं होतं ते याचसाठी.

तर त्या मुलाला काय सांगितलं?

आपल्याकडच्या पालकांचा गोंधळ आम्ही समजू शकतो. आपल्या अर्जात हा प्रश्नच नाही. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिच्या जोरावर पदवीला प्रवेशही मिळत असे. तीही परीक्षाच होती, आणि २०२२ मध्ये ती वेगळी योजना म्हणून संपली. मार्कांच्या देशात वाढलेल्या आईबापांना ‘संशोधन’ हा आणखी एक पेपर वाटतो आणि पेपर म्हटला की क्लास लावायचा, हा आपला संस्कार.

आम्ही त्या मुलाला वही आणायला सांगितली. तो आठ दिवसांनी घेऊन आला. पहिल्या वर्षीचे त्याचे आकडे शिवाजीनगरपेक्षा सतत कमी येत होते. त्याला वाटलं, आपल्या भागात पाऊसच कमी. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की मापक पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होतं, वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस आत पडतच नव्हता. जागा बदलली, फरक बराच कमी झाला. उरलेला फरक अंतराचा की बाटलीचा, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. भूगोलाच्या बाईंनी त्याला सरासरी काढायला शिकवली होती, आलेख काकांच्या मुलीने संगणकावर करून दिले होते.

आम्ही म्हटलं, हेच लिही. दीड ओळीत : काय मोजलं, किती दिवस, कशाशी ताडलं. मोठ्या निबंधाची जागा मिळेल तिथे टाकीची गोष्ट लिही. बाईंचं आणि ताईचं नाव वगळू नकोस. ‘प्रकाशित’ हा शब्द नाही म्हणून खंत करू नकोस. आणि कुणी समोर बसवून विचारलं, तर वही न बघता सांगता येईल एवढं ते तुझं आहे.

वडिलांनी पुन्हा तेच विचारलं, “पण याने ॲडमिशन मिळेल का?” आम्ही खरं तेच सांगितलं. नाही सांगता येत. तिकडच्या मोठ्या कॉलेजांत उत्तम मुलंही मोठ्या संख्येने नाकारली जातात, आणि शंभर वर्षांच्या इतिहासात हा अर्ज कधीच पूर्ण न्यायी नव्हता. पण त्या फीच्या पैशात मुलाचं एक वर्षाचं राहणं-खाणं निघेल, एवढा हिशेब मात्र आम्ही त्यांना मांडून दाखवला.

व्याख्यानानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं की मग मार्गदर्शक घेऊच नये का? तसं नाही. मार्गदर्शकाशिवाय शास्त्र शिकता येत नाही. ग्लॅशोंनाही शिक्षक होते. आपण स्वतःला एवढंच विचारायचं की विज्ञान जत्रेचा तो फॉर्म उद्या आपल्या मार्गदर्शकासमोर ठेवला, तर प्रत्येक रकाना तो खरा भरू शकेल का, आणि भरलेला फॉर्म शेजारी मांडून आपण उभे राहू शकू का.

मुलाने यंदा दोन मापकं लावली आहेत, एक गच्चीवर आणि एक खाली अंगणात. जूनपासूनच्या नोंदी तो आम्हांला दर रविवारी पाठवतो. पुढच्या व्याख्यानात आपण शिफारसपत्राचा इतिहास बघू.